पूर्वजांची गोष्ट : खरी सांगावी की गोड सांगावी?



आपल्या खेड्यापाड्यांतील बहुतेक प्रत्येक ख्रिस्ती घरात एक गोष्ट सांगितली जाते. आपले कुळ प्रभूच्या कळपात कसे आले, प्रथम कोण आला आणि त्यास काय काय सोसावे लागले, ही ती गोष्ट होय. नाताळात, लग्नघरी, अथवा कोणी वडील माणूस प्रभूमध्ये निजले म्हणजे मातीवरून परत आल्यावर, ती पुनःपुन्हा सांगण्यात येते. मुले ती ऐकता ऐकता पाठ करतात, आणि पुढे आपल्या मुलांस सांगतात. ह्या गोष्टीविषयी एक प्रश्न आज मला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. तो असा की, ही गोष्ट खरी सांगावी की गोड सांगावी? जेथे खरेपण आणि गोडपण एकत्र नांदते तेथे प्रश्नच उरत नाही. परंतु जेथे त्या दोहोंची फारकत होते, तेथे ख्रिस्ती मनुष्याने कोणाची बाजू धरावी? कोणी म्हणेल, ह्यात विचारावयाचे ते काय, खरेच सांगावे. मीही पूर्वी असेच म्हटले असते. तथापि ह्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, आणि ती चूक सुधारताना मला जे शिकावे लागले तेच येथे लिहीत आहे.

आमच्या घरची गोष्ट अशी होती. माझे पणजोबा एकदा आठवड्याच्या बाजारात गूळ घ्यावयास गेले. वाण्याने गूळ ज्या कागदात बांधून दिला, तो शुभवर्तमानाचा फाटका कागद होता. पणजोबांनी घरी येऊन तो वाचला, त्यांचे अंतःकरण हेलावले, आणि दुसऱ्याच दिवशी बारा कोस पायी चालत जाऊन त्यांनी पाद्रीसाहेबांना गाठले. ही गोष्ट माझ्या आजोबांनी सांगितली, वडिलांनी सांगितली, आणि मला पाळकपणाची दीक्षा मिळाली त्या दिवशी मीही मंडळीपुढे उभा राहून सांगितली. पुष्कळांच्या डोळ्यांस पाणी आले होते.

आमचे कुळ प्रभूकडे आले त्यास २०२५ साली १२५ वर्षे पूर्ण झाली, असे समजून आमच्या भावकीने उन्हाळ्यात एकत्र जमण्याचे ठरविले. कुळाची हकीकत लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हा नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील ज्या जुन्या मंडळीत पणजोबांचा बाप्तिस्मा झाला, तेथील कागदपत्रे पाहावयास मी गेलो. तेथील पाळकबंधूंनी कपाटातून दोन वह्या काढून दिल्या. एक बाप्तिस्म्याची नोंदवही, आणि दुसरी दुष्काळात आणलेल्या पोरक्या मुलांची यादी. दोहोंसही कसर लागली होती. पाने उलटताना तुकडे हातात येत होते.

यादीत पणजोबांचे नाव मिळाले. सन १९००. वय सुमारे दहा वर्षे. बापाचे नाव होते, आईच्या नावाची जागा कोरी होती. वाचता येते काय, ह्या सदराखाली ‘नाही’ असे लिहिले होते. त्याच्याच खाली एका मुलीचे नाव होते, वय सुमारे पाच, आणि शेऱ्यात एवढेच लिहिले होते की ही वरील मुलाची बहीण, तिसऱ्या महिन्यात मयत. बाप्तिस्म्याच्या वहीत पणजोबांचे नाव १९०० साली नाहीच. ते आहे १९०४ साली.

मी बराच वेळ ते पान समोर धरून बसलो. बाजार नाही, गूळ नाही, कागद नाही. ज्या मुलास अक्षर येत नव्हते त्याने कागद वाचला कसा असेल? आणि ज्या बहिणीचे नाव मी कधी ऐकलेही नव्हते, ती ह्या पानावर १२५ वर्षे त्याच्या पाठीशी उभी होती.

घरी येऊन मी आमच्या आत्याकडे गेलो. ही माझ्या आजोबांची धाकटी बहीण. वय नव्वदीच्या पुढे, परंतु स्मरण शाबूत. पणजोबांच्या अखेरच्या दिवसांत तिनेच त्यांची सेवा केली होती. मी तिला वहीत काय आढळले ते सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बाळा, तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. कागदाची गोष्ट दादानं, म्हणजे तुझ्या आजोबानं, शाळेत मास्तर झाल्यावर सांगायला सुरुवात केली. बाबांनी ती कधी सांगितली नाही. बाबा एवढंच म्हणायचे, आई पाण्याला गेली.”

मग तिने सर्व सांगितले. दुष्काळात बाप आधीच गेला होता. आई दोघां लेकरांना घेऊन मिशनच्या बंगल्यापर्यंत आली, फाटकापाशी त्यांना सावलीत बसविले, आणि म्हणाली, इथेच बसा, मी पाणी घेऊन येते. ती परत आली नाही. वाटेत पडली, की लेकरे जगावीत म्हणून मुद्दाम निघून गेली, हे कोणासही कळले नाही. संध्याकाळी आतल्या माणसांनी मुलांना उचलून नेले, आणि ज्वारीच्या कण्या शिजवून दिल्या. त्यांत मीठ नव्हते.

आता वाचकांस आमच्या घरचा एक रिवाज सांगितला पाहिजे. पिकांच्या उपकारस्तुतीच्या रविवारी आम्ही मंडळीत धान्याची अर्पणे नेतो. परंतु त्याच्या आदल्या रात्री आमच्या घरी अळणी कण्या शिजतात, आणि उंबऱ्यावर पाण्याने भरलेला एक तांब्या रात्रभर ठेवलेला असतो. लहानपणी आम्ही त्या कण्यांना नाके मुरडीत असू. असे का करावयाचे, हे कोणास ठाऊक नव्हते. पणजोबांपासून चालत आले, एवढेच ठाऊक होते. तांब्याचा अर्थ मीच एकदा उपदेशात लावला होता. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने थंड पाण्याच्या पेल्याविषयी जे सांगितले आहे, त्यावरून वाटसरूंसाठी हे पाणी ठेवतात, असे मी सांगितले होते. तोही अर्थ गोड होता, आणि तोही खरा नव्हता. पाणी आणावयास गेलेल्या आईची वाट पाहणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलाने तो तांब्या साठ वर्षे उंबऱ्यावर ठेवला होता, आणि आम्ही पुढची साठ वर्षे तो न समजता ठेवीत आलो होतो.

ही हकीकत मी भावकीत सांगितली, तेव्हा माझे चुलते रागावले. त्यांचा राग मला येथे नीट मांडला पाहिजे, कारण त्यांत विचार होता. ते म्हणाले, “तू पाळक आहेस, तुला शास्त्र ठाऊक आहे. नोहा तंबूत उघडा पडला तेव्हा शेम आणि याफेथ पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी बापावर वस्त्र घातले. शाप कोणाला लागला? ज्याने बापाची उघडी स्थिती बाहेर जाऊन सांगितली त्याच्या घराला. आमच्या आजोबांची उपासमार तू छापून वाटणार काय?” आणखी ते म्हणाले, “आधीच लोक आम्हांस म्हणतात की, तुम्ही पोटासाठी बाटलात. आता तू त्यांच्या हाती पुरावाच देणार.”

दुसऱ्या आक्षेपाची धार मला ठाऊक आहे. ह्या वर्षीच आमच्या मंडळीतील एक तरुण, जो तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात शिकतो, माझ्याकडे आला होता. सोबत्यांनी त्यास हेच शब्द ऐकविले होते. त्याने मला विचारले, “पाळकसाहेब, हे खरे आहे काय? आपले लोक भाकरीसाठी ख्रिस्ती झाले काय?” मी त्यास काय उत्तर दिले? मी त्यास पणजोबांच्या कागदाची गोष्ट सांगितली. तो समाधानाने गेला. मी त्यास खोट्या नाण्याने वाटखर्ची दिली होती.

म्हणून दोन्ही आक्षेपांचा विचार क्रमाने करू.

पहिला आक्षेप असा की, वडिलांची लाज झाकणे हा मुलांचा धर्म आहे. हे खरे आहे, आणि मी ते मान्य करतो. प्रत्येक घरात काही गोष्टी अशा असतात की, त्या सांगितल्याने जिवंत माणसांस दुखापत होते आणि कोणाचेही कल्याण होत नाही. अशा गोष्टींवर मौनाचे वस्त्र घालणे ही प्रीती होय. परंतु शेम व याफेथ यांनी काय केले, हे नीट पाहा. त्यांनी बापावर वस्त्र घातले. बाप तेथून उचलून त्या जागी दुसराच कोणी आणून बसविला नाही. मौन निराळे आणि बनावट निराळी. न सांगण्याचा अधिकार पुत्रास असेल, पण बापाच्या जागी नसलेला बाप उभा करण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? आम्ही कागदाची गोष्ट रचली तेव्हा पणजोबांवर वस्त्र घातले नाही. आम्ही त्यांना घराबाहेर काढले आणि एका अनोळखी विद्वानास त्यांच्या पाटावर बसविले. त्यांच्याबरोबर त्यांची आई गेली, आणि ती लहान बहीणही गेली.

शिवाय नोहाच्या गोष्टीत मद्याचा दोष होता. भुकेत कोणता दोष आहे? दहा वर्षांच्या मुलाच्या रिकाम्या पोटाची लाज त्या मुलाने का बाळगावी? लाज बाळगावयाची असेल तर ज्यांच्या हाती कोठारे होती त्यांनी बाळगावी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात लोक मरत असतानाही ह्या देशातून धान्य परदेशी जात होते. आणि सरकारी कामावर राबणाऱ्या पुरुषास दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर भागवावे, असा मजुरीचा दर १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविला होता. धोंडहून, म्हणजे आताच्या दौंडहून, मनमाडला जाणारा लोहमार्ग त्याच दिवसांतला. त्याच्या भरावाची माती दुष्काळी मजुरांच्या डोक्यांवरून वाहिली गेली. पणजोबांच्या बापाने तरुणपणी त्या भरावावर पाट्या टाकल्या, असे आत्या सांगते. मी त्या गाडीने शेकडो वेळा प्रवास केला असेन. परंतु आपण कोणाच्या घामावरून चाललो आहो, हा विचार मनात कधी आला नाही. इतिहास म्हणजे राजांची नावे व लढायांचे सन, असे आपण शाळेत शिकलो. आपल्या पायांखालच्या मातीस इतिहास म्हणतात, हे आपणांस कोणी शिकविले नाही.

आता दुसरा आक्षेप. हा अधिक कठीण आहे, कारण त्यात प्रत्यक्ष प्रभूचे शब्द आपल्याविरुद्ध साक्षीस उभे करता येतात. योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू लोकसमुदायास म्हणतो की, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झाला म्हणून माझा शोध करता. हा दोषारोपच आहे. मग भाकरीसाठी आलेल्यांचा विश्वास खरा कसा म्हणावा?

परंतु हे शब्द प्रभूने केव्हा उच्चारले? लोकांस पोटभर जेवू घातल्यानंतर, दुसऱ्या दिवशी. आधी विश्वासाची परीक्षा घेऊन मग त्याने भाकरी वाटली नाही. आणि त्याने दोष दिला तो भाकरीकरिता येण्यास नव्हे, तर भाकरीपाशीच थांबण्यास. पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर भुकेने देवाकडे आलेल्यांची केवढी रांग दिसते! याकोबाचे पुत्र मिसर देशात गेले ते काही धर्मज्ञान मिळवावयास गेले नाहीत; ते धान्य विकत घ्यावयास गेले, आणि तेथे त्यांस विकलेला भाऊ भेटला. नामी मवाबाहून माघारी निघाली, कारण परमेश्वराने आपल्या लोकांस अन्न दिले असे तिच्या कानी आले. त्याच वाटेने रूथ आली, आणि रूथेच्या वंशात दावीद. उधळ्या पुत्राच्या मनात घरी जाण्याचा पहिला विचार कोणता आला? बापाच्या घरी चाकरांनाही भाकरी पुरून उरते, हा. त्याच्या पोटाने त्यास घराची वाट दाखविली. आणि बापाने दुरून पाहिले तेव्हा, तू भुकेने आलास की प्रीतीने, असे विचारीत तो दारात उभा राहिला नाही. तो धावला.

मनुष्याचे हेतू क्वचितच एकेरी असतात. मी सेमिनरीत गेलो तेव्हा माझ्या मनात प्रभूच्या सेवेची ओढ होती, हे खरे. पण तेथे शिष्यवृत्ती मिळेल आणि पुढे राहावयास घर मिळेल, हाही विचार होता. पहिल्या हेतूने मनुष्य दारापर्यंत येतो. आत आल्यावर काय होते, हे पाहावे लागते. पणजोबा १९०० साली आले, आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०४ साली झाला. दुष्काळ तोपर्यंत सरला होता, हात कामाला लागले होते. ज्यास परत जावयाचे त्यास वाट मोकळी होती. भाकरी आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये चार वर्षे आहेत. आमच्या गोड गोष्टीत ही चार वर्षे नव्हतीच; तिच्यात सर्व काही एका रात्रीत झाले. जी गोष्ट आम्ही लाजेने लपविली, तिच्यातच टोमण्याचे उत्तर होते.

देणाऱ्यांसही येथे प्रश्न विचारला पाहिजे. भाकरी पुढे करून आत्मा विकत घेणे हे पाप आहे. कोणी असे केले असेल तर त्याचे समर्थन आपण करू नये. परंतु सर्वांनीच तसे केले नाही. तेलुगू प्रांतात ओंगोल येथील बाप्तिस्त मिशनरी जॉन क्लाफ यांनी १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या कामाचा मक्ता घेऊन हजारो भुकेल्यांस काम दिले. पुष्कळांनी बाप्तिस्मा मागितला. तथापि मदतीचे काम चालू होते तोवर त्यांनी तो देण्याचे नाकारले. काम संपल्यावर लोक पुन्हा आले, आणि ३ जुलै १८७८ ह्या एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या यादीतील ती चार वर्षे त्याच सावधगिरीची साक्ष देतात, असे मला वाटते. आणि १९०० साली ज्यांनी अमेरिकेत वर्गणी गोळा करून ‘क्विटो’ ह्या जहाजातून मुंबई बंदरी मका पाठविला, त्यांस तो कोणाच्या तोंडी पडेल हे ठाऊकही नव्हते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपण उघडपणे बोलत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. त्यांच्यासाठी दुष्काळ इतरांच्या आधी येई आणि इतरांच्या नंतर जाई. सुकाळातही त्यांस विहिरीवर चढता येत नव्हते. मिशनच्या फाटकाच्या आत त्यांस भाकरी मिळाली, हे खरे. पण पाटी-पेन्सिल मिळाली, हाताने पाणी घेता आले, आणि कोणीतरी त्यांचे नाव आदराने विचारून वहीत लिहिले. एवढे सर्व ‘भाकरी’ ह्या एका शब्दात कसे मावेल? आणि टोमणा मारणाऱ्या शेजाऱ्यांशी भांडू नये, पण प्रेमाने आठवण द्यावी की, १९७२ च्या दुष्काळात आपण सर्वांनीच, हिंदू काय, मुसलमान काय, ख्रिस्ती काय, एकाच खडीच्या कामावर दगड फोडले, तीच सुकडी खाल्ली आणि अमेरिकेतून आलेली तीच तांबडी मिलो ज्वारी दळून भाकरी केल्या. त्या भाकरीची लाज कोणासही वाटत नाही, वाटूही नये.

मग आमच्या वडीलधाऱ्यांनी कागदाची गोष्ट का रचली? त्याचे कारण मला असे दिसते. आपल्या मराठी मंडळीत ज्या परिवर्तनाच्या कथा लिहिल्या गेल्या, त्या बहुधा विद्वानांच्या होत्या. बाबा पदमनजी यांनी १८८८ साली ‘अरुणोदय’ लिहिले. नारायण वामन टिळकांस आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. आमच्या आजोबांनी मास्तर झाल्यावर ह्या कथा वाचल्या, आणि आपल्या निरक्षर बापास त्यांच्या पंक्तीस बसवावे असे त्यांच्या प्रेमळ मनाने घेतले. मी त्यांस दोष देत नाही. परंतु त्यांनी उसना घेतलेला अंगरखा पणजोबांस बसत नव्हता. खरे पाहता विद्वानांनीही आपल्या गोष्टी गोड करून सांगितल्या नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, ज्यांचा पहिला भाग १९३४ साली निघाला, अजून घरोघर वाचतात ती का? बाईंनी पतीचा रागीटपणा झाकला नाही, आणि जातपात सोडताना स्वतःच्या मनाची झालेली ओढाताणही झाकली नाही. त्यामुळे टिळकांविषयी आपला आदर कमी झाला काय? उलट तो वाढला.

खऱ्या आठवणीचे फळ काय असते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात पाहावे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईबाप आणि पाठोपाठ बहीण उपासमारीने व आजाराने गेली. ते दिवस रमाबाईंनी लपविले नाहीत. स्वतःच लिहून ठेवले. आणि १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, आपण एकदा तशाच भुकेल्या होतो हे आठवून, त्या तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रियांस घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तीचे काम त्यातून वाढले. रमाबाईंनी आपली भूक विसरून केवळ पांडित्यच आठवले असते, तर त्या मुलींचे काय झाले असते? जो आपली भूक विसरला, त्यास दुसऱ्याची भूक दिसत नाही. आमच्या दारी उसाच्या तोडीला आलेल्या कुटुंबांची लेकरे बसलेली असतात. आमच्या पूर्वजाने गुळाच्या कागदावर शास्त्र वाचले, असे मानणारे आम्ही त्यांच्याजवळून निघून जात होतो. आता तसे जाता येत नाही.

येथे कोणी विचारील की, पूर्वजांची इतकी आठवण करणे म्हणजे पितरांची पूजा तर नव्हे? नव्हे. आपण पितरांस पिंड देत नाही, त्यांच्याजवळ काही मागत नाही. परंतु एक गोष्ट लाजेने कबूल केली पाहिजे. आपले हिंदू शेजारी पितृपक्षात बाप, आजा आणि पणजा यांची नावे घेतात. आणि आपल्या तरुणांपैकी कितीकांस पणजोबांचे नाव विचारले तर सांगता येत नाही. श्राद्ध सोडले ते ठीक केले. त्याबरोबर स्मरणही सोडावे, असे शास्त्राने कोठे सांगितले आहे? यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे उचलून आणविले ते ह्यासाठी की, पुढे मुलांनी विचारावे आणि बापांनी उत्तर द्यावे. आणि अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात, पहिल्या उपजाची टोपली देवापुढे ठेवताना इस्राएल मनुष्याने काय बोलावे असे सांगितले आहे? माझा बाप मोठा राजा होता, असे नव्हे. माझा बाप भटकणारा, नाश पावण्याच्या बेतास आलेला मनुष्य होता, थोड्या माणसांनिशी परदेशी गेला, तेथे त्याचा छळ झाला, आणि देवाने त्यास सोडविले. भरल्या टोपलीशेजारी उभे राहून रिकाम्या दिवसांची कबुली द्यावयाची, हीच उपकारस्तुती. आमच्या अडाणी पणजोबांनी हा अध्याय शिकण्यापूर्वीच, उपकारस्तुतीच्या आदल्या रात्री अळणी कण्या शिजवून, तो पाळावयास आरंभ केला होता.

म्हणून वाचकांस माझे सांगणे इतकेच आहे. घरात जे कोणी म्हातारे माणूस असेल, त्याच्याजवळ ह्या पावसाळ्यात संध्याकाळी बसा, आणि विचारा. ते आपण होऊन सांगणार नाही. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. शब्द सुधारू नका. मंडळीच्या जुन्या वह्या कसरीने खाण्यापूर्वी त्यांतील आपल्या घराची नोंद उतरून घ्या. जेथे पूर्वजाचा खरा दोष असेल, तेथे बोलण्यापूर्वी हे पाहा की बोलण्याने कोणाचे भले होईल. न होईल तर गप्प राहा. पण न घडलेले घडले म्हणून सांगू नका. देवाने मत्तयाच्या पहिल्याच पानावर आपल्या पुत्राच्या वंशावळीत तामार, राहाब आणि उरीयाची बायको यांस जागा दिली. त्यास जी नावे लपवावीशी वाटली नाहीत, तशीच नावे आपण का लपवावी?

त्या उन्हाळ्यात भावकी जमली तेव्हा मी खरी गोष्ट वाचून दाखविली. त्यापूर्वीच्या रविवारी, जेथून पूर्वी मी कागदाची गोष्ट सांगितली होती त्याच जागी उभे राहून, ती खोटी होती हे मंडळीपुढे कबूल केले. त्या महाविद्यालयातील तरुणास वेगळे बोलावून क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, “हे तुम्ही मला तेव्हाच सांगितले असते तर मी त्यांना अधिक चांगले उत्तर दिले असते.” माझे चुलते त्या दिवशी जेवणास थांबले नाहीत, आणि अजून ते माझ्याशी मोजकेच बोलतात. त्यांचे मन देव वळवो. आणि माझ्या बोलण्यात कठोरपणा झाला असेल तर त्याची मला क्षमा होवो.

ह्या वर्षीही उपकारस्तुतीच्या आदल्या रात्री आमच्या घरी कण्या शिजल्या. मुलांनी नाके मुरडली नाहीत. सर्वांत धाकट्या मुलीने विचारले की, पणजोबांच्या बहिणीचे नाव काय होते? मी वहीत वाचलेले नाव सांगितले. मग तिने स्वतः तांब्या भरला आणि उंबऱ्यावर नेऊन ठेवला.